हक्काच्या पानावर काय लिहिलंय? मुक्त शैक्षणिक साहित्य आणि विद्यापीठांची ग्रंथालयं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत रिजेक्शन वाढलं की पहिली चौकशी वाळूची होते. ओलावा किती होता, बेंटोनाइट कमी पडलं का, कोअर पुरता भाजला होता का, रायझर कुठं दिला होता. बहुतेक वेळा उत्तर जुन्या मेस्त्रींकडं असतं आणि ते पक्कं असतं. पण मेस्त्री निवृत्त होतात, हाताखाली तयार झालेला माणूस दुसऱ्या कारखान्यात जातो, आणि क्वालिटी विभागात नुकताच लागलेला डिप्लोमावाला मुलगा मोबाइल काढून ‘ब्लो होल’, म्हणजे ओतकामात राहणारी पोकळी, शोधायला लागतो. त्याच्यासमोर येतात माल विकणाऱ्यांच्या जाहिराती आणि कुणी, कधी, कशाच्या आधारावर केले ते न कळणारे व्हिडिओ.

त्याला हवं ते खरं तर तयार आहे. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकारानं ‘ई-फाउंड्री’ हा प्रकल्प उभा राहिला. कास्टिंग डिझाइनचे पाठ, आणि भागाचं त्रिमितीय मॉडेल पाठवलं की धातू सर्वांत शेवटी कुठं गोठेल, म्हणजे पोकळी कुठं धरण्याची भीती आहे, हे दाखवणारं सिम्युलेशन. दोन्ही लहान कारखान्यांना विनामूल्य मिळावं असा त्यामागचा हेतू. एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या सरकारी उपक्रमात आयआयटी रूडकीच्या प्राध्यापकांची धातूच्या ओतकामावर पूर्ण व्याख्यानमाला आहे. आयटीआयची मुलं जिला ‘निमी’ म्हणतात ती चेन्नईची संस्था ट्रेडची पुस्तकं काढते. त्यांतली कित्येक मराठीत आहेत आणि ‘भारत स्किल्स’ या सरकारी पोर्टलवरून उतरवून घेता येतात. हे सगळं सार्वजनिक पैशातून झालेलं आहे. फक्त ते वेगवेगळ्या ठिकाणी पडलंय, आणि एका मुलाच्या एका प्रश्नासाठी ते एकत्र आणून ठेवणं हे आजवर कुणाचंच काम ठरलेलं नाही.

माझ्या मते हे काम विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं आहे. शिरोलीहून पंचगंगेचा पूल ओलांडून महामार्गानं पुढं गेलं की शिवाजी विद्यापीठ लागतं. १८ नोव्हेंबर १९६२ ला सुरू झालेलं हे विद्यापीठ आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचं आहे. त्याच्या ग्रंथालयाला बॅ. बाळासाहेब खर्डेकरांचं नाव आहे. तिथं पुस्तकं आहेत, संगणक आहेत, प्रशिक्षित ग्रंथपाल आहेत. महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांत अशी सोय आहे. प्रश्न आहे तो जगभर तयार होत असलेलं मुक्त शैक्षणिक साहित्य या ग्रंथालयांच्या डिजिटल संग्रहात नीट दाखल कसं होणार, हा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत यावर बरंच काम झालं आहे. त्यातलं काय आपल्या उपयोगाचं, आणि कुठं आपण अडलोय, ते पाहू.

सुरुवात अमेरिकेतल्या एमआयटीनं केली. २००१ मध्ये या विद्यापीठानं आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवण्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या एका बैठकीत अशा साहित्याला मुक्त शैक्षणिक संसाधनं हे नाव मिळालं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने आले. परवाने आले ही यातली सर्वांत महत्त्वाची घटना. लेखकानं आपला हक्क न सोडता, ‘हे घ्या, नाव द्या, बदला, वाटा’ अशी परवानगी सगळ्या जगाला एकदाच देऊन टाकायची सोय त्यांनी केली. त्यानंतर राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’नं २०१२ पासून भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांची तज्ज्ञांकडून तपासलेली पाठ्यपुस्तकं काढली. मिनेसोटा विद्यापीठानं मुक्त पाठ्यपुस्तकांचं ग्रंथालय उभं केलं आणि प्रत्येक पुस्तकाची तयार कॅटलॉग नोंद इतर ग्रंथालयांना उचलून घेता येईल अशी ठेवली. ती दुसरी गोष्ट मला पुस्तकांइतकीच मोलाची वाटते. २५ नोव्हेंबर २०१९ ला युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेनं या विषयावर सदस्य देशांसाठी शिफारसपत्रच संमत केलं.

भारतही मागं नव्हता. एनपीटीईएलचं काम २००३ मध्ये सुरू झालं. राष्ट्रीय ज्ञान आयोगानं २००७ च्या सुमारास मुक्त शैक्षणिक साहित्याचा आग्रह धरला. शालेय साहित्यासाठी ‘एनआरओईआर’ हे भांडार ऑगस्ट २०१३ मध्ये खुलं झालं, तेही मुक्त परवान्यासह. ‘ई-पीजी पाठशाला’ आली, ९ जुलै २०१७ ला ऑनलाइन अभ्यासक्रमांचं ‘स्वयम्’ आलं, आयआयटी खरगपूरनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ ला देशाला अर्पण झालं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’नं संगणकाची मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे पाठ मराठीतही आणले. या पाठांचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे आणि प्रत्येक पाठाच्या शेवटी कुणी काय केलं याचा उल्लेख असतो. आपल्याकडची सर्वांत स्वच्छ उदाहरणं निवडायची झाली तर मी हे आधी निवडीन.

यादी लांबवता येईल. पण यादीत अडचण नाहीच. अडचण सुरू होते ती आपण ‘डाउनलोड होतं’ आणि ‘परवानगी आहे’ या दोन गोष्टी एकच धरतो तिथून.

पीडीएफ फुकट उघडते, म्हणून ती मुक्त होत नाही. मुक्त साहित्यात वाचकाला पाच गोष्टी करता याव्या लागतात, अशी मांडणी मुक्त शिक्षणाचे अभ्यासक डेव्हिड वायली यांनी केली: स्वतःजवळ कायमची प्रत ठेवणं, वापरणं, बदलणं, दुसऱ्या साहित्याशी जोडणं आणि पुढं वाटणं. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सहा परवान्यांतही फरक आहे. ‘बदल करू नका’ अशी अट असलेला परवाना शिक्षकाच्या कामाचा नाही, कारण भाषांतर हाही बदलच. ‘त्याच अटींवर वाटा’ आणि ‘व्यापारी वापर नको’ या वेगवेगळ्या अटींचे दोन मजकूर एकत्र करून तिसरं पुस्तक करायला गेलं, तर परवाने एकमेकांत बसत नाहीत. हे बारकावे ग्रंथपालाला माहीत असले आणि शिक्षकाला नसले तर चालतं. दोघांनाही नसले तर महाविद्यालय एक दिवस नोटिशीला उत्तर देत बसतं. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिकवण्यासाठी पुस्तकांतले भाग काढून केलेल्या कोर्सपॅकना संरक्षण दिलं, हे खरं. पण त्या निकालाच्या भरवशावर अख्खी पुस्तकं स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवता येत नाहीत.

आता घरचं उदाहरण घेऊ. शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रानं गेल्या काही वर्षांत कला आणि वाणिज्य शाखांसाठी मोठ्या संख्येनं स्वयं-अध्ययन पुस्तकं तयार केली. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी, समाजशास्त्र. लेखक बहुतेक याच तीन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांतले अध्यापक. मजकूर मराठीत, अभ्यासक्रमाला धरून, घटकाघटकात मांडलेला, शेवटी सरावाचे प्रश्न. त्यांतली बरीच पुस्तकं पीडीएफ रूपात कुणालाही वाचता येतात. एमआयडीसीत काम करून बी.ए., बी.कॉम. करणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काही नाही. महागडी गाइडं घेण्यापेक्षा हे शतपटीनं बरं.

यांतलं एखादं पुस्तक उघडून दुसरं पान वाचा. तिथं स्वामित्वहक्क कुलसचिवांच्या नावे आहे, आणि लेखी परवानगीशिवाय यातला कोणताही भाग कोणत्याही पद्धतीनं पुन्हा काढता येणार नाही, असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. त्या पद्धतींत मिमिओग्राफीचंही नाव आहे. सायक्लोस्टाइलच्या काळातली ही ओळ एका आवृत्तीतून दुसरीत येत राहिली, आणि यात कुणाचा काही वाईट हेतू आहे असं मी अजिबात म्हणत नाही. ही सगळीकडची रूढ ओळ आहे. पण तिचा परिणाम पाहा. चंदगडच्या अध्यापकाला या पुस्तकातलं एक प्रकरण घेऊन त्यात आपल्या तालुक्यातल्या काजूच्या व्यापाराचं उदाहरण घालायचं असेल, तर ते नियमानं करता येत नाही. गगनबावड्यात रेंज नाही म्हणून महाविद्यालयाच्या संगणकावर सगळी पुस्तकं उतरवून मुलांना पेन ड्राइव्हवर द्यायची असतील, तर परवानगी मागावी लागते. नांदेडच्या किंवा जळगावच्या विद्यापीठाला तेच पुस्तक आपल्या अभ्यासक्रमासाठी थोडं बदलून वापरता येत नाही. मग तिथं त्याच विषयावर नवं पुस्तक लिहिलं जातं, नव्यानं छापलं जातं, आणि त्याच्याही दुसऱ्या पानावर तीच ओळ येते. एकाच भाषेत, एकाच राज्यात, सार्वजनिक पैशानं, तेच काम पुन्हा पुन्हा.

हे बदलणं अवघड आहे का? गोव्यात झालंय. गोवा विद्यापीठानं चार खंडांचा कोकणी विश्वकोश काढला होता. तो २०१३ मध्ये विद्यापीठानं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘नाव द्या आणि त्याच अटींवर वाटा’ या परवान्याखाली पुन्हा जाहीर केला. त्यामुळं कोकणी विकिपीडियासाठी झटणाऱ्यांना तयार, विश्वसनीय मजकूर हाती आला. विद्यापीठाचा हक्क आहे तसाच राहिला. विद्यापीठाचं नाव उलट प्रत्येक वापराबरोबर पुढं गेलं.

अर्थात कायद्याची बाजू नीट सांभाळावी लागते, आणि इथं घाई करू नये. लेखक विद्यापीठाचा पगारी नोकर नसेल, मानधनावर लिहिलं असेल, तर हक्क आपोआप विद्यापीठाकडं येत नाही, करारानं येतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणं अशा हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणजे जुन्या पुस्तकांचे करार काढून एकेक वाचावे लागतील, आणि जिथं गरज आहे तिथं लेखकांची नव्यानं संमती घ्यावी लागेल. हे अध्यापक आपल्या आसपासच आहेत, बहुतेक जण आनंदानं सही करतील. नव्या पुस्तकांच्या करारनाम्यात मात्र मुक्त परवान्याचं कलम आजपासून घालता येतं. त्याला खर्च काहीच नाही.

समजा साहित्य मिळालं, परवानाही स्पष्ट झाला. मग ग्रंथालयाचं खरं काम सुरू होतं, आणि बहुतेक ठिकाणी ते इथंच उरकलं जातं. संकेतस्थळावर ‘उपयुक्त दुवे’ नावाचं पान करून त्यात स्वयम्, एनपीटीईएल आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय यांच्या लिंका टाकल्या की झालं. वर्षभरात त्यातल्या निम्म्या लिंकांवर कुणी गेलेलं नसतं आणि काही मेलेल्या असतात. हे संग्रहात दाखल करणं नव्हे. छापील पुस्तक आलं की आपण त्याची दाखल नोंद करतो, वर्गांक देतो, विषयशीर्षकं देतो, मग ते कपाटात जातं. मुक्त साहित्याला तीच शिस्त लागू केली पाहिजे. विद्यार्थी ओपॅकमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय कॅटलॉगमध्ये, ‘सांख्यिकी’ शोधतो, तेव्हा कपाटातल्या छापील पुस्तकाच्या शेजारीच मुक्त पुस्तक दिसलं पाहिजे.

यासाठीची साधनं फुकट आहेत आणि आपल्या ग्रंथपालांच्या हातातली आहेत. ‘कोहा’ ही न्यूझीलंडमध्ये जन्मलेली ग्रंथालय प्रणाली महाराष्ट्रातल्या कित्येक महाविद्यालयांत चालते. एमआयटी आणि एचपी यांनी २००२ मध्ये आणलेलं ‘डीस्पेस’ संस्थांच्या डिजिटल भांडारांसाठी वापरलं जातं. एका भांडारातल्या नोंदी दुसऱ्यानं आपोआप उचलायच्या, यासाठी ओएआय-पीएमएच नावाची ठरलेली पद्धत आहे, म्हणजे हजारो नोंदी हातानं टाइप करायची गरज नाही. मार्क या कॅटलॉग नोंदीच्या ठरलेल्या साच्यात ८५६ क्रमांकाच्या फील्डमध्ये लिंक जाते, ही बाब सगळ्यांना ठाऊक असते. ५४० क्रमांकाचं फील्ड मात्र बहुतेक ठिकाणी कोरं असतं. वापराच्या अटी लिहायची जागा तीच. त्या एका ओळीत परवान्याचं नाव भरलं, की शिक्षकाला कॅटलॉगमध्येच कळतं की हे पुस्तक फक्त वाचायचं आहे, की त्यातलं प्रकरण काढून मराठीत करून मुलांना देता येईल. मला विचाराल तर या सगळ्या विषयात एवढं एक फील्ड भरायची सवय लागली तरी निम्मं काम झालं.

मराठी साहित्याच्या बाबतीत आणखी दोन अडथळे आहेत, आणि त्यांच्याबद्दल बाहेरचे तज्ज्ञ बोलत नाहीत, कारण त्यांना ते येत नाहीत. पहिला फॉन्टचा. आपल्याकडच्या जुन्या मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी श्रीलिपी किंवा आयएसएमच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये झाली आहे. पीडीएफ डोळ्यांना सुंदर मराठी दिसते, पण त्यातला परिच्छेद उचलून दुसरीकडं चिकटवला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ पडते. संगणकाच्या लेखी त्या पुस्तकात मराठीचं एक अक्षरही नाही. म्हणून त्यात शोध लागत नाही, अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला ते वाचता येत नाही, आणि त्यात दुरुस्ती करायची तर सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. फॉन्ट बदलणारी रूपांतरकं आहेत. त्यांच्यातून काढून, एकदा माणसाच्या नजरेखालून घालून ही पुस्तकं युनिकोडमध्ये आणणं हे पदव्युत्तर मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी करण्यासारखं उत्तम प्रकल्पकार्य आहे.

दुसरा अडथळा शोधाचा. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ्या संगणकावर दोन प्रकारे टाइप होतो. दिसायला दोन्ही एक, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. एका पद्धतीनं नोंद केली आणि विद्यार्थ्यानं दुसऱ्या पद्धतीनं शोधलं, तर उत्तर शून्य येतं. ‘शेतकऱ्यांचा आसूड’ हे नाव टाकून पुस्तक सापडत नाही, यामागं कित्येकदा एवढंच कारण असतं. शोधयंत्रणेला हे दोन्ही एकच धरायची सूचना एकदा देऊन ठेवावी लागते. विषयशीर्षकांचंही तसंच आहे. फाउंड्रीत ज्याला सगळे बीड म्हणतात, त्याची नोंद ‘ओतीव लोखंड’ या नावाखाली असते, आणि ‘बीड’ शोधणाऱ्याला बीड जिल्ह्याचं गॅझेटिअर मिळतं. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इंटरनेटवर आहेत, ते आधाराला घ्यावेतच. त्याबरोबर कारखान्यातला शब्द, आयटीआयतला शब्द आणि इंग्रजी शब्द हे तिन्ही नोंदीत असावेत. शिरोलीच्या एखाद्या पॅटर्नमेकरला ग्रंथालयात बोलावून त्याच्याबरोबर अशी शब्दयादी तयार केली, तर ती महाराष्ट्रभर वापरता येईल.

लिंक द्यायची की प्रत ठेवायची, हाही वाद आहे. माझं मत प्रत ठेवण्याच्या बाजूचं आहे, जिथं परवाना देईल तिथं. प्रकल्पांचा निधी संपतो, प्राध्यापक बदलतात, सर्व्हर बंद होतो. सरकारी पोर्टलांची नावं आणि पत्ते बदलतात, आणि जुनी लिंक कुठंच पोचत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि कोल्हापूरचा रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. त्याच पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाचे हजारो ग्रंथ भिजले, त्यात दुर्मीळही होते. कागदाच्या एकाच प्रतीवर भिस्त ठेवण्यातला धोका आपल्या भागाला कुणी शिकवायला नको. डिजिटल प्रतीचंही तेच आहे. एक प्रत कोल्हापुरात, एक पुण्यात, एक नागपुरात असावी, आणि मुक्त परवाना असेल तरच हे कुणाला न विचारता करता येतं.

मराठीत काय आहे, याचा शोध घेतला तर आपण समजतो तितकी गरिबी नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं १९८९ पासून दूरशिक्षणासाठी मराठीत प्रचंड लेखन करून घेतलं. त्यात शेती, उद्योग, तांत्रिक विषयही आहेत. साहित्य संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तकं इंटरनेटवर मोफत वाचता येतात. मराठी विश्वकोश वाचता येतो. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळानं विज्ञान आणि समाजशास्त्रांची पदवी पातळीची मराठी पाठ्यपुस्तकं काढली होती. त्यांतली कित्येक आज फक्त जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांत उरली आहेत. अलीकडं एआयसीटीईनं अभियांत्रिकीची मराठी पुस्तकं ‘ई-कुंभ’वर ठेवली. यूजीसीनं जुलै २०२४ मध्ये ‘अस्मिता’ प्रकल्प जाहीर केला, पाच वर्षांत २२ भारतीय भाषांत २२,००० पुस्तकं असं त्याचं उद्दिष्ट आहे. यातली बहुसंख्य पुस्तकं वाचायला मिळतात किंवा मिळतील. बदलून घेता येतील का, हे प्रत्येकाच्या हक्काच्या पानावर अवलंबून. सरकारी प्रकाशनाचा हक्क छापल्यापासून ६० वर्षं टिकतो. १९७२ मध्ये निघालेलं एखादं सरकारी पाठ्यपुस्तक २०३२ संपेपर्यंत वाट पाहील. शासनानं एक निर्णय काढला तर ते उद्या मुक्त होईल.

इथं संशोधन नियतकालिकांच्या ‘एक देश, एक वर्गणी’ योजनेचा विचार करायला हवा, कारण ती आल्यावर आता मुक्त साहित्याची गरज उरली नाही असं काही जण म्हणू लागले आहेत. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला मान्यता दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. संशोधकांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, तिचं स्वागतच केलं पाहिजे. पण ती सरकारी संस्थांतल्या विद्यार्थी-अध्यापकांसाठी आहे. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयातली मुलगी त्यात नाही, पदवी घेऊन बाहेर पडलेला अभियंता नाही, शिरोलीचा कारखानदार नाही. आणि वर्गणी थांबली की दार बंद. त्यातली नियतकालिकं मराठीत तर नाहीतच.

या बाहेरच्या वाचकाचा विचार कोल्हापूरनं फार पूर्वी केला होता. भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानात झाला, मद्रासच्याही आधी. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासून चालू आहे. कोल्हापूर परिसरात आज तीनशेच्या आसपास फाउंड्र्या असल्याचं धरलं जातं. हा उद्योग उभा राहिला तो विलायती इंजिनं उघडून, भाग मोजून, स्वतः पॅटर्न करून शिकणाऱ्या माणसांच्या जिवावर. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावं इथं आजही आदरानं घेतली जातात. त्यांना विद्यापीठाचं ओळखपत्र नव्हतं. अशा माणसांना आज उपयोगी पडेल असं ग्रंथालय हवं असेल, तर ज्यासाठी सभासदत्व लागत नाही असा संग्रह त्यात असावाच लागेल.

दर्जाचं काय, हा आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. मुक्त आहे म्हणून चांगलं आहे असं नव्हे. पण ग्रंथखरेदीसाठी आपल्याकडं समित्या आहेतच, विभागाकडून शिफारस येते, मग पुस्तक घेतलं जातं. मुक्त पुस्तकालाही विभागातल्या दोन अध्यापकांनी वाचून शिफारस करावी आणि ती शिफारस नोंदीत दिसावी. प्रकाशकांच्या पोटावर पाय येईल, ही काळजीही मला समजते. छापील पुस्तकाची गरज आपल्या भागात अजून बरीच वर्षं राहणार आहे. व्यापारी वापराला मुभा देणारा परवाना असेल, तर मुक्त पुस्तक छापून स्वस्तात विकायला स्थानिक मुद्रकालाही वाव आहे.

अध्यापकांनी हे का करावं, याचं उत्तर मात्र व्यवस्थेनं द्यायला हवं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत संपूर्ण अभ्यासक्रमाचं चार भागांतलं ई-साहित्य तयार केलं तर १२ गुण आहेत, एका घटकाला ५. गुण मिळतात म्हणून साहित्य होतं. ते मुक्त परवान्यानं द्यावं, अशी अट विद्यापीठानं आपल्या पातळीवर घातली, तर तोच अध्यापक, तेच श्रम, आणि फायदा सगळ्या महाराष्ट्राचा. ग्रंथपालांच्या जागा महाविद्यालयांतून वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, हे दुखणं वेगळं आणि खोल आहे. ग्रंथपालच नसेल तर वर लिहिलेलं काहीही होणार नाही.

शिवाजी विद्यापीठाच्या विद्या परिषदेनं, आणि राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या विद्या परिषदेनं, येत्या वर्षात एक ठराव करावा: दूरशिक्षणाची जी पुस्तकं विद्यापीठाच्या पैशानं झाली, ती लेखकांच्या संमतीनं ‘नाव द्या, त्याच अटींवर वाटा’ या परवान्यानं खुली होतील, त्यांची युनिकोड प्रत ग्रंथालयाकडं येईल, आणि प्रत्येक नोंदीत परवाना लिहिलेला असेल. तुम्ही अध्यापक असाल आणि अशा पुस्तकात तुमचा एखादा घटक असेल, तर ठरावाची वाट पाहू नका. माझ्या घटकाला माझी संमती आहे, असं एक पत्र आजच ग्रंथपालांना आणि दूरशिक्षण केंद्राला द्या.